डिस्ट्रक्टरमध्ये क्लोज लिहा म्हणे!

काल रात्री अकराला भाचीचा फोन. नवी नोकरी, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतलं काम. ऑर्डरची शेवटची नोंद डेटाबेसमध्ये पडत नाही आणि लॉगमध्ये एकच रड : ‘मायएसक्यूएलआय ऑब्जेक्ट इज ऑलरेडी क्लोज्ड’, म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन आधीच बंद झालंय. कोड असा का लिहिलास विचारलं, तर तिने व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘डेटाबेसचे चार सोनेरी नियम’ पुढे केले. मला ते या महिन्यात तिसऱ्यांदा आले, म्हणून आता लिहितोच.

‘डेटाबेस क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये कनेक्शन क्लोज करा, नाहीतर कनेक्शनं साचून सर्व्हर बसेल.’ (डिस्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणारी मेथड.) सगळ्या दुखण्याचं मूळ हेच. साधं, म्हणजे पर्सिस्टंट (पुढच्या वापरासाठी उघडं ठेवलेलं) नसलेलं कनेक्शन स्क्रिप्ट संपताना पीएचपी स्वतःच बंद करते. तुम्ही मात्र क्लोज लिहिलंत की दुसऱ्या एखाद्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर नंतर चालतो, क्वेरी मारायला जातो आणि दार बंद! क्लोजची ओळ काढा. ज्या ऑब्जेक्टने कनेक्शन धरून ठेवलंय, त्याचा डिस्ट्रक्टर उरकेपर्यंत ते जागेवरच राहतं. म्हणजे पहिला नियम पाळल्यामुळेच ती चूक जन्मते, आणि तिच्यावरचा उतारा म्हणून दुसरा नियम येतो.

तो म्हणतो, ओळीआधी ॲटचं चिन्ह (@) लावा, म्हणजे तक्रार दिसणार नाही. वा! पीएचपी 7 पर्यंत ही नुसती वॉर्निंग होती, ती दबायची. नोंद तरीही पडायची नाहीच. 8 पासून तिथे एरर फेकली जाते आणि ते चिन्ह तिला अडवत नाही.

‘डिस्ट्रक्टर उलट्या क्रमाने चालतात.’ म्हणजे शेवटी बनलेल्या ऑब्जेक्टचा आधी. हे सी++ या दुसऱ्या भाषेतून उचललेलं. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की स्क्रिप्ट बंद होताना क्रम कोणताही असू शकतो. “पण मामा, माझ्या लॅपटॉपवर चालत होतं.” चालेल की! दोन ऑब्जेक्टच्या उदाहरणात क्रम नशिबाने जुळतो. ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले की बिघडतो.

‘शेवटची नोंद डिस्ट्रक्टरमध्ये करा, तो नक्की चालतो.’ अर्धं खरं, मान्य. एक्झिट लिहून स्क्रिप्ट मधेच थांबवली तरी तो चालतो. पण मेमरी संपून फेटल एरर आली की चालत नाही, आणि नोंद हवी असते ती नेमकी तेव्हाच.

हो, तासन् तास चालणाऱ्या वर्करमध्ये (मागे सतत काम करत राहणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) कनेक्शन हाताने बंद करावं. तेही काम संपल्या जागी, डिस्ट्रक्टरच्या भरवशावर नाही.

भाचीने क्लोजची ओळ उडवली आणि नोंद एका साध्या ‘सेव्ह’ मेथडमध्ये हलवली, पैसे जमा झाल्याबरोबर बोलवायची. पावणेबाराला तिचा मेसेज आला : पडली नोंद.