आधी नाव ठरवा, आकडे मागून येतात

सोलापूरकर म्हणून तुम्हाला एक मोठी सोय आहे. कोल्हापूरकराला फुटबॉलवर बोलायचं तर त्याच्या मागं पेठ असते, तालीम असते, आणि समोर हमखास कुणीतरी खरोखर खेळलेला माणूस निघतो. आपल्याकडे ती भानगड नाही. रात्री साडेबाराला गच्चीवर गादी टाकायची, मोबाइलवर युरोपातला सामना लावायचा (मे महिन्यात तशीही कुणाला झोप लागते?) आणि सकाळी चार पुतळ्यांपाशी चहा पिताना मोसमातले पहिले दहा खेळाडू जाहीर करायचे. हे काम शास्त्रशुद्ध कसं करावं, तेवढं सांगतो.

आधी नाव ठरवा. एक्सेल नंतर उघडा. तुमचा माणूस लिव्हरपूलचा सालाह असेल तर २०२४-२५चे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले २९ गोल आणि १८ असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास) काढा, बेरीज ४७, ३८ सामन्यांच्या मोसमातला विक्रम. इथंच थांबा. तुमचा माणूस डेम्बेले असेल तर गोलांचं नावही काढू नका. त्याच मोसमात त्याच्या पॅरिसच्या क्लबनं पहिल्यांदा युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली, कप महत्त्वाचा, म्हणून सांगा. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यालाच मिळाला, त्यामुळे वाद तुम्ही जिंकलात. मात्र २०२२-२३च्या मोसमावर बोलताना जपून. तेव्हा मँचेस्टर सिटीच्या हालांडकडे लीगमधले ३६ गोलही होते आणि तीन कपही, आणि बॅलन डी'ओर गेला मेस्सीकडे, वर्ल्ड कपमुळे. असल्या वेळी कप कुठला धरायचा हेही आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

समोरचा म्हणालाच, ‘काय बे, छत्तीस गोल मारलेत की त्यानं!’ तर आवाज न चढवता विचारा, ‘पेनल्टी वजा केल्यास का?’ पेनल्टी शंभरातल्या पाऊणशे जातातच, त्यामुळे त्या वजा करणारा माणूस अभ्यासू दिसतो. आपल्या माणसाच्या पेनल्टी वजा करायच्या नसतात. त्या दडपण झेलून मारलेल्या असतात.

मग ‘दर नव्वद मिनिटांमागे’ हे हत्यार काढा. तुमचा लाडका ऐंशीव्या मिनिटाला मैदानात आला आणि त्यानं एक गोल मारला, तर दर नव्वद मिनिटांमागे नऊ गोल झाले. गणितात चूक कुणी काढू शकत नाही. गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या दिवशी ज्याची चाळीस किलो शेंगाचटणी खपली, तो वर्षाला चौदा हजार सहाशे किलो विकतो, हे जितकं खरं तितकंच हेही.

‘अपेक्षित गोल’ ही कल्पना इतर शहरांना समजावून सांगावी लागते, आपल्याला नाही. त्या जागेवरून, त्या कोनातून मारलेले आधीचे हजारो फटके बघायचे आणि त्यातले किती आत गेले ते काढायचं. दहातले दोन गेले असतील तर या फटक्याची किंमत ०.२. आपल्या नळाला पाच दिवसांनी एकदा पाणी येतं, म्हणजे रोजचं अपेक्षित पाणी ०.२. बादली कोरडी असली तरी आकडा चुकीचा नाही. तुमच्या स्ट्रायकरनं मोसमभर समोरचा गोल सोडून सगळीकडे बॉल मारला असेल, तर त्याची अपेक्षा दाखवा.

या सगळ्याचे मूळपुरुष चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलातले हिशेबनीस. १९५० साली स्विंडनच्या मैदानावर वही-पेन्सिल काढून त्यांनी पासेस मोजायला सुरुवात केली. पुढची कित्येक वर्षं मोजून निष्कर्ष काढला की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात, तेव्हा बॉल लांब भिरकावा. इंग्लंडातल्या बऱ्याच जणांनी भिरकावलाही. आता, फुटबॉलमध्ये बहुतेक चाली तीन पासच्या आतच मोडतात, मग गोलही तिथंच जास्त दिसणार, ही क्षुल्लक बाब आहे. यात्रेत हरवलेली बहुतेक पोरं चप्पल घातलेली असतात, तेव्हा पोरांना अनवाणी न्या, असं सांगण्याइतका हा सल्ला पक्का आहे.

राहिला मोजता न येणारा खेळाडू. त्याला सरळ यादीतून काढा. मधल्या फळीतल्या कान्तेचंच घ्या. २०१५-१६ला लेस्टर चॅम्पियन झालं, लीगमध्ये त्याचा गोल एक. पुढच्या वर्षी तो चेल्सीत गेला, तिथंही गोल एकच. चेल्सी दहाव्या नंबरवरून पहिली आली, लेस्टर पहिल्यावरून बाराव्यावर गेलं. योगायोग म्हणून सोडून द्या. गोल आणि असिस्टच्या रकान्यात तो कुठं दिसतो?

आमच्या रविवारच्या संघात असाच एक सहा नंबर, म्हणजे बचावफळीच्या पुढं उभा राहणारा, आहे. पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारा. कामगाराचं कापड मीटरवर मोजतात, जॉबरचं मीटर शून्य. तो मागांच्या खडखडाटात उभा असतो, एका मागाचा आवाज जरा बदलला की पाना घेऊन तिकडे वळतो, आणि धोटा (आडवा धागा नेणारा) मागातून उडून कुणाला लागायचा राहतो. न उडालेला धोटा कोण लिहून ठेवणार? मैदानावरही तेच. नुसता एका जागी उभा राहतो आणि समोरचा बॉल दुसरीकडे देतो. माझ्या तक्त्यात चौदा सामने, शून्य गोल, शून्य असिस्ट. अकरा जणांत अकरावा.

परवा घरच्या लग्नाला तो अक्कलकोटला गेला होता. आम्ही सहा-शून्यनं हरलो. तक्त्यात त्याच्या गैरहजेरीला रकानाच नाही, त्यामुळे मी उन्हाचा गुणक लावला, १.५. सामना सकाळी सातला होता, पण सोलापूर म्हटल्यावर कुणी शंका घेत नाही. आमच्या गोलकीपरकडे त्या दिवशी सतरा फटके आले आणि त्यानं अकरा अडवले, मोसमातली त्याची सर्वोत्तम कामगिरी. तो पाचव्यावरून थेट पहिल्या क्रमांकावर गेला. चहा त्यानंच पाजला.