सुंभ, पीळ आणि मनीप्लांट

दुकानातली पांढरीशुभ्र लाकडी जाळी पाहिली की घरात वेल चढवायची सुरसुरी येते. जाळी येते, मनीप्लांट येतो. दोघांना शेजारी ठेवून आपण बाजूला होतो, जणू कांदेपोहे झाले, आता पुढचं त्यांनी बघावं. महिनाभराने वेल जाळीकडे पाठ फिरवून टीव्हीच्या दिशेने निघालेली असते.

माझ्या मते यात वेलीची चूक नाही. स्थळच चुकलंय. गोकर्ण आपलं अख्खं अंग आधाराभोवती गुंडाळते. कारलं आणि कृष्णकमळ स्प्रिंगसारखे तणावे फेकून पकड घेतात. या मंडळींना जाळी, तार, खिडकीचा गज काहीही चालतं. मनीप्लांट, मिरी आणि नागवेल यांच्याकडे हे हातपाय नाहीतच. त्यांच्या पेरापेरातून मुळं फुटतात आणि ती ओलसर, खरबरीत जागी चिकटतात. ऑइलपेंट मारलेल्या पट्टीला बिचारं मूळ कुठून धरणार?

डार्विन आजारपणात खोलीत अडकला असताना हॉपची (बिअरमध्ये घालतात ती) वेल कुंडीत घेऊन बसला होता. वेलीचं टोक सुमारे दोन तासांत एक फेरा मारतं, हे त्याने टिपून ठेवलं. ते निबंधरूपाने 1865 साली छापून आलं. मनीप्लांट घेऊन बसला असता तर निबंध नसता झाला, पण झोप छान लागली असती.

खरी शिकवणी गोव्यात, फोंड्याकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत. तिथे मिरी पोफळीवर चढते, कारण पोफळीचं खोड कड्याकड्यांचं, उभं आणि बागेतल्या गारव्यात ओलसर असतं. आपल्याला हॉलमध्ये तीच पोफळ उभी करायची आहे, फक्त सुपाऱ्या सोडून. एक इंच जाडीचा, साडेतीन फुटांचा पीव्हीसी पाइप घ्यावा. बांबू दिसतो झकास, पण ओल्या मातीत त्याचं बूड कुजतं आणि वाळवीला आयतं आमंत्रण जातं. लोखंडी सळई इथल्या खाऱ्या हवेत गंजते. पाइपला दर दोन इंचांवर भोकं पाडून तळ बंद करावा, आत ओला कोकोपीट (काथ्याचा भुसा) भरावा आणि बाहेरून सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, घट्ट गुंडाळावा. झाली वेलीची काठी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. गोव्याच्या जुलैत तो जळायची सोयच नाही, उलट त्यावर अळंबी उगवतात. ती खायची नसतात, हे घरातल्या ज्येष्ठांना वेळीच सांगितलेलं बरं.

काठी आधी, झाड नंतर. हा क्रम उलटला की काठी खुपसताना मुळं तुटतात आणि वेल पंधरा दिवस रुसते. दहा इंची मातीची कुंडी घ्यावी; प्लास्टिकची हलकी कुंडी वेल वाढली की पंख्याच्या वाऱ्याने आडवी होते. काठीचे सहा-सात इंच कुंडीत जाऊ द्यावेत. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर कोळशाचे तुकडे. काठीभोवती तीन-चार छाट लावावेत आणि मुळांची बाजू काठीकडे ठेवावी. हे न पाहता लावलं की वेल काठीला पाठ टेकून उभी राहते, रांगेत कंटाळलेल्या माणसासारखी.

बांधायला तार नको, ती खोडात रुतते. प्लास्टिकची सुतळीही नको. जुन्या गंजीफ्रॉकच्या अर्धा इंची पट्ट्या सर्वांत उत्तम. कपड्यांचा हा एवढा सन्मान दुसरीकडे कुठे होत नाही. दर चार-पाच इंचांवर, पेराच्या जरा खाली, इंग्रजी आठच्या आकारात बांधायचं, आत करंगळी जाईल एवढं सैल. बांधायचं ते खोड, पानाचा देठ नव्हे. देठ बांधला की पान उजेडाकडे वळायला धडपडतं आणि आठवड्यात पिवळं पडतं. कोवळं टोक वळवायचंच असेल तर एक दिवस पाणी तोडावं आणि दुपारी हात घालावा. सकाळी पाणी पिऊन ताठलेली वेल काडकन मोडते. मोडली तर चीक हाताला खाजतो आणि मांजराच्या तोंडाला झोंबतो.

पुढचं काम म्हणजे काठीला पाणी पाजणं. कुंडीला घालतो, काठीला विसरतो, आणि काठी कोरडी तर मुळं कोरडी. वरून वाटीभर पाणी हळूहळू ओतावं. पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की आठवड्यातून एकदाही पुरतं. मात्र थाळीत साठलेलं पाणी टाकून द्यावं, नाहीतर घरच्या घरी डासांची पैदास. मुळं धरली की पट्ट्या सोडाव्यात. पुढे पानं मोठी होऊ लागतात, कारण वेलीला आपण झाडावर असल्याचा भास होतो. तो मोडायचा नाही.

काठीचं टोक गाठलं की वेल पडद्याच्या दांड्याकडे मान वळवते. तिथे पेराच्या वर शेंडा छाटावा. खाली बगलेतून नवे फुटवे येतात. छाटलेला शेंडा फेणीच्या रिकाम्या बाटलीत पाण्यात ठेवावा. साधारण दोन आठवड्यांत त्याला मुळं येतात. चोरून नेलेला मनीप्लांट जास्त फळतो, अशी श्रद्धा आहेच. म्हणून बाटली बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, कठड्यावर, शेजाऱ्याच्या हाताशी ठेवावी आणि आत जाऊन पडावं.