एक वर्ष आधी कॉलेजात गेलं तर बिघडतं काय?

हुशार मुलाला शाळेचं शेवटचं वर्ष गाळून थेट विद्यापीठात जाऊ द्यावं का, हा विषय निघाला की कुणीतरी विल्यम सायडिसचं नाव काढतंच. १९०९ साली अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये गेलेला मुलगा, आणि पुढे कारकुनी करत लोकांची नजर चुकवत जगला. "बघा, हे असं होतं!" विषय संपला. पण त्याच साली त्याच हार्वर्डमध्ये चौदा वर्षांचा नॉर्बर्ट वीनरही आला होता, पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी. त्याने नंतर सायबरनेटिक्सचा, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाच्या आणि संदेशवहनाच्या शास्त्राचा, पाया घातला. त्याची आठवण कुणाला येत नाही.

खरं तर दोघांचीही उदाहरणं इथे गैरलागू आहेत. अकराव्या वर्षी जाणं वेगळं आणि अठराऐवजी सतराव्या वर्षी जाणं वेगळं. कुठल्याही वर्गात सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असतंच. वर्गातलं सगळ्यात मोठं मूल एक इयत्ता पुढे गेलं, तर नव्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलापेक्षा ते जेमतेम काही दिवसांनी लहान ठरेल. एवढ्यासाठी "बालपण हिरावलं" म्हणून गळा काढायचा?

मी पहिल्या वर्षाला गणित शिकवते. मला काळजी लवकर आलेल्या मुलांची वाटत नाही, उगाच थांबवून ठेवलेल्यांची वाटते. वर्षभराचा अभ्यासक्रम दोन महिन्यांत कळलेला, उरलेले महिने वर्गात बसून काढलेले. न वाचता पैकीच्या पैकी मार्क. मग मनात पक्कं बसतं की कष्ट करणं हे ज्यांना कळत नाही त्यांचं काम. असा मुलगा माझ्याकडे येतो, पहिल्यांदाच एका सिद्धतेवर अडतो आणि त्याला वाटतं, आपली हुशारी संपली. कोऱ्या कागदासमोर तासभर काही न सुचता बसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसायचं, ही सवय त्याला कुणी लागूच दिलेली नसते. वर्ष वाचलं, नोकरी लवकर लागली वगैरे फायदे मला फार महत्त्वाचे वाटत नाहीत. वेळेवर अडायला मिळणं, हा खरा फायदा.

मुलांना कॉलेजात लवकर घेणं नवं काही नाही. १९५१ मध्ये फोर्ड फाउंडेशन या देणगी देणाऱ्या संस्थेच्या पैशातून अमेरिकेतल्या काही कॉलेजांनी साडेसोळा वर्षांच्या आतली मुलं घेतली. कोरियन युद्धामुळे लष्करभरती सक्तीची होती. पोरं सैन्यात जाण्याआधी कॉलेजची दोन वर्षं तरी पदरात पडावीत, हा हिशोब त्यामागे होता. मुलांनी अभ्यासात चांगलं केलं. सुरुवातीला रुळायला काहींना जड गेलं, पण बहुतेक रुळले. तरी ही पद्धत फारशी फोफावली नाही, कारण शाळांना आपली सगळ्यात हुशार पोरं सोडवेनात. (सोडवणार कशी? निकालाच्या जाहिरातीत फोटो कुणाचे छापायचे?) पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी तेरा वर्षांच्या एका मुलाला प्रवेश मिळवून दिला आणि १९७१ पासून गणितात पुढे असलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास सुरू केला. वेग वाढवल्याने अशा मुलांचं सरसकट नुकसान होतं, ही भीती त्यातून खरी ठरली नाही.

तरीही सगळं वर्ष एकदम गाळण्यापेक्षा मला दुसरी वाट जास्त पटते. हुशारी सगळीकडे सारखी नसते. गणितात चार वर्षं पुढे असलेलं मूल निबंध मात्र वयाप्रमाणेच लिहितं. आजचा नामवंत गणितज्ञ टेरेन्स ताओ लहानपणी प्रत्येक विषयासाठी वेगवेगळ्या इयत्तेत बसत असे, आणि नवव्या वर्षापासून शाळा चालू ठेवूनच विद्यापीठाचं गणित शिकत होता. घरच्यांनी घाई न करताही एकविसाव्या वर्षाच्या आत त्याची पीएचडी झाली. जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांत शाळकरी मुलांना एखाद-दुसऱ्या विषयाच्या तासांना बसता येतं, परीक्षाही देता येते. उत्तीर्ण झालेला विषय पुढे पदवीत धरला जाऊ शकतो. शाळेचे बुडालेले तास मात्र मुलाने स्वतः भरून काढायचे. हे मला फार आवडतं, कारण झेपतंय की नाही हे तिथेच कळतं आणि नाही झेपलं तर मूल मुकाट्याने शाळेच्या बाकावर परत येतं.

हा परतीचा रस्ता नसेल तर मी या योजनेच्या बाजूने बोलणार नाही. पहिल्या वर्षाचे मार्क कायमचे चिकटतात. सोळाव्या वर्षी एक पेपर राहिला म्हणून बाविसाव्या वर्षी मुलाखतीत खुलासे द्यावे लागत असतील तर ती शिक्षाच झाली. आणि उलट, शिकलेला विषय पुढे धरलाच जात नसेल तर मुलाने तेच दोनदा करायचं? मग ते निव्वळ कौतुकासाठी झालं. वसतिगृह, प्रयोगशाळेतली परवानगी, अठराच्या आतल्या मुलाच्या सह्या या अडचणी आहेत, पण त्या कार्यालयाने सोडवायच्या.

पालक विचारतात तेव्हा मी आधी एवढंच विचारते, की ही कल्पना पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आली? "आम्हालाच वाटलं, एवढा हुशार आहे तर..." असं उत्तर आलं की मी यंदा राहू द्या म्हणते. आणि मुलगी स्वतः म्हणाली, "मला जायचंय, पण मैत्रिणी इथेच आहेत," तर तिला एकच विषय घेऊ द्या, बाकीचा दिवस मैत्रिणींबरोबर शाळेतच जाऊ दे.