पाच पाने बाराखडी आणि न वाचता आलेली 'काकी'

गेल्या आठवड्यात परभणीहून धाकट्या बहिणीने सगळीकडे फिरत असलेला एक संदेश मला पाठवला. 'वाचता न येणाऱ्या मुलाकडून रोज पाच पाने बाराखडी लिहून घ्या, घरची बोली बंद करा आणि तरीही जमले नाही तर त्याला त्याच वर्गात बसवा,' असा त्याचा आशय. बहिणीने तो दुसरीतल्या माझ्या भाच्यावर अमलात आणला आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

रविवारी मी भाच्याशेजारी बसले. त्याने आधी एका ओळीत बारा 'क' काढले, खालच्या ओळीत बारा 'ख', आणि पान भरल्यावर वरून खाली आधी सगळे काने, मग सगळ्या वेलांट्या देत गेला. तोंडातून एकही आवाज निघाला नाही. पान नेटके झाले, पण त्यातलीच दोन अक्षरे घेऊन मी 'काकी' लिहिले, तेव्हा तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मराठीतली बाराखडी म्हणजे चारशेहून अधिक आकार. आवाज आणि अर्थ यांच्याशी गाठ न घालता ते उतरवल्याने हात दुखतो, वाचन येत नाही. आठ-दहा अक्षरे आणि काना एवढ्यावर 'नाक', 'काम', 'मामा', 'पान' वाचता येतात, आणि तिथूनच वाक्य सुरू करता येते.

एक मात्र मान्य करावे लागेल. अक्षरे नीट शिकवावीच लागतात, आणि चित्र पाहून शब्द ओळखण्याला काही वर्गांत वाचन समजले जाते, ही तक्रार खोटी नाही.

त्याच वर्गात बसवण्याऐवजी काय करता येते, यासाठी अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई आणि बडोद्यात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी शाळेच्या वेळेतले सुमारे दोन तास वेगळे शिकवत असे, आणि गुणांतली वाढ मुख्यतः याच मुलांत दिसली. आपल्याकडे दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली लेकरे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना तोच वर्ग आणि तेच धडे पुन्हा देण्याऐवजी जिथे अडले तिथून शिकवायला हवे.

बोली बंद करण्याचा सल्ला तर सरळ अपाय करणारा आहे. 'का?' विचारताना 'कामून?' म्हणणाऱ्या लेकराला गप्प केले, तर ते पुस्तकातल्या 'का'विषयी विचारणारही नाही; दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहावेत.

बहिणीला मी सांगितले आहे की आजपासून पाच पाने बंद. रोज वीस मिनिटे ओळीखाली बोट फिरवत त्याला मोठ्याने वाचून दाखव, आणि 'महं बोकड पळालं' असे तो जे सांगेल, ते त्याच्यासमोर तसेच लिहून त्याच्याकडूनच वाचून घे.