नौरू आळसाने बुडाला? मग गोष्ट १९६८ पासूनच का सांगता?

प्रशांत महासागरातल्या नौरू या चिमुकल्या देशाबद्दलचा एक मजकूर बराच फिरतो आहे. कधी व्हॉट्सॲपवर, कधी दोन मिनिटांच्या व्हिडिओत. त्यातली गोष्ट थोडक्यात अशी: बेटाला फॉस्फेटचं, म्हणजे खताच्या कच्च्या मालाचं, घबाड लागलं. लोकांनी आपलंच बेट खणून विकलं आणि ते जगातले सर्वांत श्रीमंत लोक झाले. कामधंदा सोडला, महागड्या गाड्या घेतल्या, खाऊन खाऊन लठ्ठ झाले. पैसा संपला तसा देश भिकेला लागला आणि शेवटी ऑस्ट्रेलियाचा तुरुंग बनला. खाली ठळक अक्षरांत तात्पर्य: फुकटचा पैसा माणसाला नासवतो, आपल्याकडच्या योजनावाल्यांनी यातून शिकावं.

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणून सगळंच पटून जातं. पण यात खाणकामाची पहिली साठ वर्षं, १९६८ च्या स्वातंत्र्यापर्यंतची, गाळली आहेत, आणि पुढच्या तीस वर्षांत ज्यांनी पैसा घालवला आणि ज्यांचा पैसा गेला त्या दोघांना एकच करून टाकलं आहे. म्हणून एकेक दावा नीट बघू.

"आपलंच बेट खणून विकलं." नौरूचं क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला समुद्रातून वर आलेलं हे प्रवाळाचं बेट आहे. कडेने जेमतेम दीडशे ते तीनशे मीटर रुंदीची सपाट पट्टी, तिच्यावरच वस्ती, शेतीजोगी माती आणि नारळ. आतल्या बाजूला पठार, त्यावर चुनखडीच्या सुळक्यांमध्ये भरलेलं फॉस्फेट. १८८८ मध्ये जर्मनीने हे बेट ताब्यात घेतलं तेव्हा हा साठा कुणाला माहीत नव्हता. सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला ठेवलेला नौरूचा दगड अल्बर्ट एलिस याने तपासला आणि तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. १९०६-०७ मध्ये खाणकाम सुरू झालं ते पॅसिफिक फॉस्फेट कंपनीचं. नौरूच्या माणसांना त्यात विचारलं कुणी?

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी आपसात करार करून फॉस्फेट वाटून घेतलं: ४२ टक्के, ४२ टक्के आणि १६ टक्के. त्यासाठी 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' ही संस्था काढली, आणि कंपनीला ३५ लाख पौंड देऊन तिचे हक्क विकत घेतले. पैसे मिळाले कंपनीला. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांच्या हाती टनामागे पेनींच्या हिशेबातली रॉयल्टी आली. याच काळात राष्ट्रसंघाने (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने) हे बेट या सरकारांकडे सांभाळायला दिलं होतं, आणि अशा प्रदेशातल्या लोकांचं कल्याण ही 'पवित्र जबाबदारी' आहे असं राष्ट्रसंघाच्या करारातच लिहिलेलं होतं.

माल जायचा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला. तिथे त्याचं सुपरफॉस्फेट खत होऊन कुरणांवर आणि गव्हाच्या शेतांवर पडायचं. तेही जागतिक बाजारभावाने नव्हे, खर्चाला धरून ठरवलेल्या स्वस्त भावाने. दोन देशांची शेती आणि दुधाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या या सवलतीवर वाढला. फुकटच्या पैशाबद्दल बोलायचंच असेल तर सुरुवात इथून करायला हवी. ही सवलत द्यायची की नाही हे नौरूला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट घेतलं आणि सुमारे बाराशे नौरूवासीयांना दीड हजार किलोमीटरहून दूर ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. कुष्ठरोग असलेल्या ३९ जणांना एका होडीत बसवून समुद्रात बुडवलं. ट्रुकला गेलेल्यांपैकी ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ ला परत आले. बावीस वर्षांनी, १९६८ साली, स्वातंत्र्यासाठी तीच तारीख निवडली गेली. त्याआधी १९२० मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत जवळपास पाचातला एक माणूस गेला होता. वंश टिकण्यासाठी किमान पंधराशे माणसं हवीत असं मानलं जात होतं. तो आकडा १९३२ मध्ये गाठला, युद्धात पुन्हा खाली गेला, १९४९ मध्ये पुन्हा गाठला. आजही २६ ऑक्टोबरला 'अंगाम' हा सण त्यासाठीच असतो. या लोकांना 'ऐतखाऊ' म्हणणाऱ्यांनी निदान हे तरी वाचावं.

साठच्या दशकात बेट राहण्याजोगं उरणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलंडजवळचं कर्टिस बेट देऊ केलं: सगळे तिकडे या, आमचे नागरिक व्हा. नौरूच्या नेत्यांनी नकार दिला, कारण तिथे स्वतःचं राज्य मिळणार नव्हतं. हा नकार भावनेपोटी होता असं मला वाटत नाही. शेजारचं, पूर्वेला सुमारे तीनशे किलोमीटरवरचं बनाबा बेट (आज किरिबाती देशातलं) याच कमिशनर्सनी खणलं होतं आणि तिथली माणसं १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवली होती. आपलं काय होणार हे नौरूला डोळ्यांसमोर दिसत होतं.

स्वातंत्र्य मिळालं तरी खाण फुकट परत मिळाली नाही. स्वतःच्या बेटावरची यंत्रं, धक्के आणि इमारती कमिशनर्सकडून २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घ्याव्या लागल्या आणि कारभार पूर्णपणे हातात आला तो १९७० मध्ये. आधीच खणून टाकलेल्या जमिनीचं काय, या प्रश्नाला तिन्ही सरकारांनी उत्तर दिलं नाही. ही जमीन बेटाच्या साधारण एक तृतीयांश होती. पुढे याच प्रश्नावर नौरूने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री. मे १९८९ मध्ये नौरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. न्यायालयाला हा खटला ऐकण्याचा अधिकारच नाही, असं ऑस्ट्रेलियाचं म्हणणं होतं. २६ जून १९९२ ला न्यायालयाने ते फेटाळलं. मूळ मुद्द्यावर सुनावणी होण्याआधीच, १९९३ मध्ये, ऑस्ट्रेलियाने तडजोड केली: १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले पाच कोटी वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडने आपापला वाटा म्हणून प्रत्येकी १ कोटी २० लाख दिले. फिरणाऱ्या मजकुरात हा खटला नाही, कारण तो आला की 'आपलंच बेट' हे वाक्य उभं राहत नाही.

आता यातलं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. १९७० नंतरचं खाणकाम नौरूच्या स्वतःच्या महामंडळाने केलं आणि पठाराचा उरलेला बहुतेक भाग त्याच काळात गेला. पण थांबवून करायचं काय होतं? नैसर्गिक बंदर नाही, बेटावर एकही नदी नाही, पिण्याचं पाणी पावसाचं, आणि साठ वर्षांत दुसरा एकही उद्योग कुणी उभा केला नव्हता.

"काम सोडून बसले." खाणीतली अंगमेहनत कंपनीने पहिल्यापासून बाहेरच्या मजुरांकडून करून घेतली. ते चीनमधून आणलेले, गिल्बर्ट आणि एलिस बेटांवरून (आजचे किरिबाती आणि तुवालू) आणलेले लोक होते. वरच्या जागांवर गोरे. मधल्या नौरूवासीयाला या व्यवस्थेत जागाच ठेवलेली नव्हती, आणि पुढे तीच व्यवस्था वारशाने चालू राहिली. काम टाळण्याचा स्वभाव बेटाच्या पाण्यात नाही. बुआडा तळ्यात ही माणसं समुद्रातून माशांची पिल्लं आणून, कुटुंबवार हद्दी आखून मत्स्यशेती करत असत. याच बेटावरच्या मार्कस स्टीफन यांनी वेटलिफ्टिंगमध्ये राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदकं जिंकली आणि नंतर ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

"जगातले सर्वांत श्रीमंत." सत्तरच्या दशकाच्या मध्यात फॉस्फेटचे भाव भडकले तेव्हा दरडोई उत्पन्नाचा आकडा खरोखर फार वर गेला होता. पण भागिले कितीने? मोजक्या हजारांनी. आणि त्यातला मोठा हिस्सा लोकांच्या हातात न येता 'नौरू फॉस्फेट रॉयल्टीज ट्रस्ट'मध्ये जात होता. खाण संपल्यावर उपयोगी पडावा म्हणून. म्हणजे लोकांनी भविष्याचा विचार केलाच नाही हे चूक आहे. विचार केला होता. तो पैसा सांभाळणाऱ्यांनी घालवला.

कसा घालवला हे सांगताना मी कुणालाच सोडणार नाही. मेलबर्नमध्ये ५२ मजल्यांचं 'नौरू हाउस', वेगवेगळ्या देशांत हॉटेलं, प्रवासी मिळोत न मिळोत उडणाऱ्या एअर नौरूची विमानं, आणि १९९३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरचं एक संगीत नाटक, जे सपशेल पडलं. बनावट बँक-रोख्यांच्या फसवणुकीतही ट्रस्ट सापडला. मालमत्ता गहाण टाकून कर्जं काढली, ती फिटली नाहीत, आणि २००४ मध्ये धनको कंपनीने जप्ती आणल्यावर नौरू हाउस विकलं गेलं. २००५ च्या अखेरीस शेवटचं विमानही जप्त झालं. दोष राज्यकर्त्यांचा आहेच. त्यांच्या कानाशी बसलेल्या परदेशी सल्लागारांचा आणि दलालांचाही आहे. पण ज्या जमीनमालकांचा हा पैसा होता, आणि बँक ऑफ नौरू बुडाल्यावर ज्यांच्या खात्यातले पैसे अडकले, ते लुटले गेलेले लोक आहेत. एखादी पतपेढी बुडाली तर आपण ठेवीदारांना आळशी म्हणतो का?

नव्वदच्या दशकात नौरूने परवाने देऊन शेकडो कागदी बँका उभ्या करू दिल्या आणि रशियातला काळा पैसा त्यांतून फिरला, हेही खरं आहे. २००० मध्ये आंतरराष्ट्रीय यंत्रणेने देशाला काळ्या यादीत टाकलं, आणि कायदे बदलल्यावर २००५ मध्ये काढलं. 'देश सुधारलाच नाही' असं म्हणणारे हे दुसरं वाक्य कधीच जोडत नाहीत.

लठ्ठपणावर फार लिहायची गरज नाही. बेटावर लठ्ठपणा आणि मधुमेह भयंकर आहे, हे खरं. पण जिथे चार पंचमांश जमीन खणली गेली, तिथे भाजी कुठे लावणार? जहाजाने येणारा पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांस, हेच अन्न झालं. अशा माणसांच्या शरीराचे फोटो टाकून हसणं मला अमानुष वाटतं.

"तिथे सरकार नावालाच, देश ऑस्ट्रेलियाला विकलेला." सरकार आहे, आणि त्याची रचना विलक्षण आहे. एका सभागृहाची १९ सदस्यांची संसद, दर तीन वर्षांनी निवडणूक, मतदान सक्तीचं. राष्ट्राध्यक्ष संसद निवडते आणि तोच सरकारप्रमुखही असतो. पक्ष जवळपास नाहीतच. मतदाराने सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा, पहिल्या पसंतीला एक मत, दुसरीला अर्धं, तिसरीला एक तृतीयांश. ही पद्धत १९७१ पासून चालू आहे. पक्ष नसल्यामुळे अविश्वास ठरावांनी सरकारं पटापट पडत राहिली, बर्नार्ड दोवियोगो यांच्यासारखे नेते पुन्हा पुन्हा येत-जात राहिले, आणि याच अस्थिर काळात ट्रस्टवरची नजर सुटली.

टीका करायचीच असेल तर खऱ्या गोष्टींवर करा. ऑगस्ट २००१ मध्ये 'टाम्पा' जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या निर्वासितांना ऑस्ट्रेलियाने आपल्या किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, आणि कंगाल नौरूला पैसे देऊन तिथे छावणी उघडली. ती २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली. मुलांसह माणसं तिथे वर्षानुवर्षं खितपत पडली. २०१४ मध्ये नौरू सरकारने सरन्यायाधीशांचा व्हिसा रद्द केला, विरोधी खासदारांना निलंबित केलं, पत्रकारांच्या व्हिसाचं शुल्क ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केलं. हे गंभीर आहे, आणि नौरूतल्या लोकांनीच त्याविरुद्ध निदर्शनं करून खटले अंगावर घेतले. फिरणाऱ्या मजकुरात यातलं काही नाही, गाड्या आहेत.

"देश संपला." सुमारे बारा हजार लोक तिथे राहतात. जमीन २१ चौरस किलोमीटर असली तरी भोवतालचं हक्काचं सागरी क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. १९८२ च्या 'नौरू करारा'ने या भागातल्या बेट-देशांनी ट्यूना मासेमारीवर एकत्र अटी घातल्या, आणि पुढे परदेशी जहाजांना दिवसांच्या हिशेबाने परवाने विकायची पद्धत आणली. हे उत्पन्न आज मोठा आधार आहे. २०१४ मध्ये देशात पगारावर कर सुरू झाला.

राहिलं तात्पर्य. फुकटच्या पैशाने माणूस नासतो म्हणे. जमिनीच्या मालकाला त्याच्या जमिनीतल्या खनिजाची रॉयल्टी मिळाली तर ती फुकट कशी? आणि पैसाच दोषी असता तर शेजारच्या किरिबातीचंही तेच व्हायला हवं होतं. तशीच बेटं, फॉस्फेटही तसंच. तिथे १९५६ मध्ये फॉस्फेटच्या उत्पन्नातून राखीव निधी काढला. बनाबाची खाण १९७९ मध्ये संपली, निधी अजून शाबूत आहे. बनाबाच्या मूळ माणसांना मात्र त्यातलं फारसं काही मिळालं नाही. नौरूनेही २०१५ मध्ये नव्याने निधी सुरू केला. त्याच्या कारभारात पैसे घालणारे बाहेरचे भागीदारही बसतात, आणि सुरुवातीची अनेक वर्षं मुद्दलाला हात लावता येत नाही.