निळं पिंप आणि लिंबू सरबत

आत्ताच एका साखरपुड्याहून आले. जेवण उत्तम होतं, मुलगी गोड दिसत होती, पण माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

हात धुवायला मागच्या बाजूला गेले. तिथे 200 लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप, वरचं तोंड कापलेलं, आणि एक पोरगा त्यात जग बुडवून लिंबू सरबत भरतोय. पिंपावर लेबल होतं. अर्धं सोललेलं, पण चौकटीतली कवटी स्पष्ट दिसत होती. कवटी! विचारलं, तर म्हणतो, "धुतलंय ओ ताई, निरम्यानं."

निरम्यानं काय होणार, कप्पाळ? हे प्लास्टिक म्हणजे स्टीलचं पातेलं नव्हे. थिनरसारखी सॉल्व्हंट, कीटकनाशकं त्याच्या भिंतीत मुरतात. वरवर घासलं की वास जातो, आणि ऊन लागलं की आतलं पुन्हा पाण्यात उतरायला लागतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2016 साली लातूरकडे पाणी नव्हतं तेव्हा मामीने टेम्पोवाल्याकडून असंच एक पिंप घेतलं. राखेने घासलं, चिंच लावली, दोन दिवस पालथं घातलं. सकाळी पाण्याला काही नसायचं. दुपारी बारानंतर झाकण उघडलं की नेलपॉलिशसारखा भपकारा. मी कुरकुरले तर मामी म्हणाली, "जाईल की वास दोन दिसानं. टँकर काय रोज येतोय का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून मामीवर मी चिडत नाही. चिडते ती विकणाऱ्यावर. रसायनाने माखलेली रिकामी पिंपं 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतात. ती परवाना असलेल्या ठिकाणीच साफ व्हायला हवीत. मग एमआयडीसीच्या गेटमधून निघून भंगारवाल्याकडे आणि तिथून आपल्या मोरीत कशी येतात? कुणाला माहीत नाही असं मला सांगू नका.

आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर. त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. म्हणजे आधी टाकी साफ करायची, मग पाणी भरायचं, एवढी अक्कल होती. ती गाडी शहरापुरती. मामीच्या गावाला टँकर आणि हे पिंप.

हो, मान्य, सगळीच पिंपं विषाची नसतात. ग्लुकोजच्या पाकाची, फळांच्या गराचीही येतात. पण लेबल खरवडल्यावर कोणतं कशाचं, हे विकणाऱ्याला तरी ठाऊक असतं का?

मामीचं ते पिंप मी गेल्या दिवाळीला पाहिलं. आता घरावर आयएसआय शिक्क्याची काळी टाकी आहे, तरी ते पिंप मोरीबाहेर उभंच. भांड्यांना वापरते म्हणाली. "एवढे पैसे दिलेत, टाकू कशी?" माझा घसा दाटला, खरं सांगते. टाकायला सांगणं सोपं आहे, ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी येतं त्याला.

पण मंगल कार्यालयवाल्याला ती सूट नाही. ताटामागे हजार रुपये घेतोस ना बाबा, मग स्टीलची टाकी घे. यजमानांना तिथल्या तिथे सांगितलं, तर म्हणे "आज नको, शुभ कार्य आहे". पाहुण्यांना कवटीच्या पिंपातलं सरबत पाजायला मात्र मुहूर्त चालतो!

कमेंटमध्ये कृपया "आम्ही वर्षानुवर्षं पितोय, काही झालं नाही" असं लिहू नका. आज खरंच वाद घालायचा मूड नाही. ज्यांच्या घरी असं पिंप आहे त्यांनी फक्त फोटो टाका, लेबलासकट.