प्रायमर बदलून नेम सुधारत नाही

रविवारी फोंड्याहून भाच्याचा फोन. "मामा, मॅग्नम प्रायमर घातला की रिव्हॉल्व्हरचा ग्रुप निम्म्यावर येतो म्हणे, खरं का?" पोरगा 25 मीटरवर सराव करतो. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, घोड्याच्या ठोक्याने दारू पेटवणारी छोटी टोपी; मॅग्नमची ज्योत जास्त जोरदार. ग्रुप म्हणजे निशाणावरच्या भोकांचा पसारा. महिनाभर फिरणारा तो मेसेज त्याच्यापर्यंत पोचला होता. चार दावे: मॅग्नम प्रायमर सगळ्यांत बरा, पिस्तुलाचा (रिव्हॉल्व्हरलाही तोच लागतो) नसेल तर रायफलचा चालतो, प्रायमर कुठल्या कंपनीचा याने काही बिघडत नाही, आणि बंदुकीचा परवाना असला की काडतुसं घरी भरता येतात.

रायफलचा चालतो? हे लिहिणाऱ्याने कधी रिव्हॉल्व्हर उघडून पाहिलंय का? मोठा रायफल प्रायमर पिस्तुलाच्या प्रायमरपेक्षा सुमारे 0.2 मिलिमीटर उंच असतो. काडतुसाच्या बुडातून तेवढा बाहेर राहतो. सिलिंडर फिरताना तो मागच्या पोलादाला घासतो, कधी सिलिंडर अडकूनच बसतो. सिलिंडरमधल्या बाजूच्या घरातलं काडतूस तिथे पेटलं तर त्याच्यासमोर नळी नसते, हे जरा डोळ्यांसमोर आणा. लहान रायफल प्रायमर मापाने बसतो, म्हणून तो आणखी फसवा. त्याचा पत्रा जाड असतो, घोड्याचा ठोका कमी पडतो आणि बार उडत नाही. मग नवखा पोरगा लगेच सिलिंडर उघडतो. बार उशिराही उडू शकतो, म्हणून नळी निशाणाकडेच धरून निदान 30 सेकंद थांबायचं असतं. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

मॅग्नमबद्दल एवढं मान्य करावं लागेल की .357 मॅग्नम या जोरदार काडतुसात सावकाश जळणारी दारू असेल तर जोरदार ज्योतीने ती एकसारखी पेटते, वेग स्थिर राहतो. पण तीच दारू तेवढीच ठेवून नुसता प्रायमर बदलला तर दाब वाढतो. प्रायमर बदलला की दारूचं वजन कमी करून पुन्हा खालून सुरुवात करा, असं काडतुसं भरण्याची पुस्तकं बजावतात.

आणि फायदा किती? हिशेब करा. एक गोळी सेकंदाला 230 मीटर, दुसरी 250 मीटर वेगाने गेली, तरी 25 मीटरवर दोघींच्या घसरणीत 9 मिलिमीटरचा फरक. अचूक नेमाच्या निशाणावर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं असतं. ग्रुप निम्म्यावर येईल कुठून? सिलिंडरच्या तोंडाचं माप गोळीशी जुळतं का, घर नळीसमोर नेमकं येतं का, चाप ओढताना मनगट हलतं का, नेम तिथे बिघडतो.

कंपनीने फरक पडतो. घोड्याची स्प्रिंग हलकी केलेल्या रिव्हॉल्व्हरला कडक प्रायमर चालत नाही.

राहिला परवाना. ठासणीच्या बंदुकीत दारू आपणच भरायची असते, त्यावरून आमच्या सत्तरी तालुक्यातल्या जुन्या माणसांचाही असा समज होतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि त्या कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप.

भाच्याच्या एका मित्राने रायफल प्रायमर कुठे मिळतील याची चौकशी सुरू केली होती. त्याच्या वडिलांना मी कालच फोन केला.